उंबरावरून उंबऱ्याकडे

पतपेढीच्या काउंटरवर ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली माझी आजी उभी होती. पदराच्या गाठीतून तिनं दोन पाटल्या काढून दिल्या. सराफानं त्या कसोटीवर घासल्या, तोलल्या, पाकिटात घालून वर लाखेची मोहोर केली. कर्ज आजीचं नव्हतं. गल्लीतल्या भिशीचे पैसे शेजारच्या मुलानं खर्चून टाकले होते आणि त्याच्या घरात गहाण टाकण्याजोगं काही उरलं नव्हतं. परतताना मी विचारलं, “पैसे त्यानं खाल्ले, मग पाटल्या तुझ्या का?” आजी म्हणाली, “आपल्या देवळात तारण तारण म्हणतात, ते दुसरं काय असतं रे?”

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. पापापासून सुटका म्हणजे तारण आणि ती देणारा तो तारणारा. शब्दाच्या मुळाशी तरून जाणं आहे, पैलतीराला लागणं आहे. बाजारात मात्र तोच शब्द कर्जासाठी अडकवून ठेवलेल्या वस्तूला लागतो. पार नेणं आणि दुसऱ्याच्या देण्यापायी आपलं काही अडकवणं, हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात नांदतात. बायबलमधल्या ज्या एका कथेत मला या दोन अर्थांची गाठ पडलेली दिसते, ती लूकच्या शुभवर्तमानात १९व्या अध्यायाच्या आरंभी आहे. अवघी १० वचनं. पैशाची, झाडाची आणि एका घराची गोष्ट.

येशू यरीहो शहरातून चालला आहे. त्या शहरात जक्कय नावाचा मुख्य जकातदार राहतो, श्रीमंत आहे. त्याला येशूला पाहायचं आहे, पण गर्दी आड येते आणि तो ठेंगणा आहे. म्हणून तो पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढतो. येशू झाडापाशी थांबून वर पाहतो, त्याला नावानं हाक मारतो आणि आज आपल्याला तुझ्याच घरी उतरायचं आहे, असं सांगतो. जक्कय आनंदानं त्याला घरी नेतो. लोक कुरकुरतात, हा पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून. जक्कय उभा राहून निम्मं धन गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपटीनं परत, असा शब्द देतो. आज या घराला तारण लाभलं, असं येशू जाहीर करतो आणि हरवलेल्यांना शोधून तारण्यासाठीच आपण आलो असल्याचं सांगतो. कथा संपते.

या कथेतलं पाप धूसर नाही, त्याला हिशेबाची वही आहे. यरीहो हे समुद्रसपाटीहून खूप खाली वसलेलं, उन्हाळी हवेचं, सुगंधी बाल्सम झाडांच्या बागांसाठी नावाजलेलं शहर. हेरोद राजानं हिवाळ्यासाठी तिथं महाल बांधले होते. यार्देन ओलांडून यरुशलेमेकडे चढणारा माल इथून जाई. जकातीचा मक्ता घेणारा माणूस ठरलेली रक्कम सरकारला भरी आणि मग वाटसरूंकडून ती वसूल करी. वर जेवढं काढता येईल तेवढं त्याचं. जक्कय तर अशा वसुलीदारांचा मुखिया. ‘मुख्य जकातदार’ या अर्थाचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्याचं नाव मात्र ज्या हिब्रू शब्दावरून आलं आहे त्याचा अर्थ शुद्ध, निर्दोष. आईबापांनी कोणत्या आशेनं ते नाव ठेवलं असेल आणि नाक्यावर थांबलेल्या गाडीवानाच्या तोंडून ते कसं ऐकू येत असेल, याचा विचार केला की हे एक नावच मन हलवून जातं.

लूकची खरी कारागिरी मांडणीत आहे. आधीच्या १८व्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. सगळं विकून गरिबांना दे, हे ऐकून तो खिन्न होतो. त्यावर उंट आणि सुईच्या नाकाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. मग तारण व्हायचं तरी कुणाचं, असं ऐकणारे घाबरून विचारतात. माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य, असं उत्तर त्यांना मिळतं. लगेच पुढे, यरीहोच्या वेशीबाहेर, एक आंधळा भिकारी ओरडू लागतो. गर्दी त्याला दटावून गप्प करू पाहते. येशू थांबतो, त्याला दृष्टी येते. तिथं त्याच्या बरं होण्यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच तारण्यासाठीही वापरतात. म्हणजे बरं होणं आणि तरणं यांना तिथं एकच शब्द आहे.

या दोघांच्या पाठोपाठ जक्कय येतो आणि दोघेही त्याच्यात एकवटतात. तो त्या अधिकाऱ्यासारखा श्रीमंत आहे आणि त्या भिकाऱ्यासारखा, गर्दी आड आल्यामुळे, पाहू न शकणारा आहे. सुईच्या नाकातून उंट जाईल का, हा प्रश्न लूकनं हवेत सोडला होता. त्याचं उत्तर तो या माणसाच्या रूपानं देतो. क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. तरून गेलेला श्रीमंत म्हणजे शुभवर्तमानातलं उंबराचं फूलच, आणि तो सापडला तोही उंबरावर.

हे झाड जरा जवळून पाहिलं पाहिजे. पॅलेस्टाइनमधला हा उंबर आणि आपल्याकडचा औदुंबर एकाच कुळातले. दोघांच्याही फळांचे घोस फांद्यांच्या टोकांवर न लागता खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. फुलं बाहेरून दिसतच नाहीत. ती फळाच्या पोटात मिटलेली असतात. लहानपणी आम्ही पडलेली उंबरं फोडून पाहायचो. वरून लालसर, गुळगुळीत. आत बारीक केसरांची दाटी आणि त्यांत वळवळणारे किडे. ते फुंकरीनं उडवून खाणारी धीट पोरंही होती. आमोस संदेष्टा अशाच उंबरांची निगा राखणारा. पिकावं म्हणून तिथं फळाला चीर देत असत. फांद्या खाली, पसरट आणि मजबूत, म्हणून ठेंगण्या माणसालाही चढायला हे झाड सोपं. पण चढतो कोण? ज्याच्या नुसत्या नजरेनं गाड्या थांबत, तो शहरातला धनाढ्य. त्या काळी प्रतिष्ठित माणूस चारचौघांत धावतसुद्धा नसे. हा धावला, आणि पोरासारखा झाडावर चढला. पश्चात्ताप हा शब्द कथेत कुठंही नाही. पण प्रतिष्ठेची पर्वा सुटणं ही त्याची पहिली खूण लूकनं या दोन क्रियापदांत ठेवली आहे.

ग्रीक वाचकाला इथं आणखी एक गंमत दिसते. या झाडाच्या नावात अंजीर या अर्थाचा शब्द आहे. पुढे जक्कय लोकांना लुबाडल्याची गोष्ट काढतो, तेव्हा जे क्रियापद वापरतो त्यातही तोच अंजीर दडलेला आहे. लूकनं हे ठरवून केलं की नाही, त्यावर माझा हट्ट नाही. मात्र ज्या झाडावर तो चढला त्याच्या आणि ज्या पापाची कबुली दिली त्याच्या नावाचं मूळ एक निघावं, हे वाचताना चटका लावून जातं.

आता कथेचा मध्य. जक्कय येशूला पाहण्याच्या शोधात होता आणि शेवटच्या वचनात येशू हरवलेल्यांना शोधायला आला आहे. दोन्हीकडे शोधाचं क्रियापद एकच. आपण शोधतो आहोत असं ज्याला वाटत होतं, तोच शोधला जात होता. येशू वर पाहतो आणि नाव घेतो. नाव त्याला कसं ठाऊक, याचा खुलासा नाही. तो त्याला पापी म्हणत नाही. तो शब्द फक्त गर्दीच्या तोंडी येतो. तो अट घालत नाही, हिशेब मागत नाही, क्षमा हा शब्दही उच्चारत नाही. तो मुक्काम मागतो, आणि तोही ‘केलाच पाहिजे’ अशा भाषेत. लूकच्या ग्रंथात हे ‘पाहिजे’ देवाच्या संकल्पाशी जोडलेलं असतं. येशूच्या दुःखसहनाबद्दलही तेच येतं. एका जकातदाराच्या घरी उतरणं आणि क्रूसाकडे जाणं, दोन्ही एकाच अपरिहार्यतेत बसतात.

मग ती कुरकुर. तिच्यावरून माझी नजर बराच काळ सरळ पुढे जात असे. आता वाटतं, कथेचा सगळा भार तिथंच आहे. तोवर शहराचा राग जक्कयावर होता. येशू त्या घरी पाऊल टाकतो आणि तो राग बाजू बदलतो: आता लोक येशूला नावं ठेवतात. जक्कयाचा डाग पाहुण्याच्या अंगाला लागतो आणि पाहुणा तो झटकत नाही. एकाचं पाप दुसऱ्यानं वाहिलं, ही ख्रिस्ती शिकवण मोठमोठ्या ग्रंथांत मांडली गेली आहे. इथं ती एका मुक्कामात दिसते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपल्या जिवाला पुष्कळांसाठीची खंडणी म्हणतो; इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तो अधिक चांगल्या कराराचा जामीनदार आहे. खंडणी, जामीन, तारण: शब्द सारे व्यवहारातलेच. कुणीतरी आपलं काही अडकवल्याशिवाय दुसरा सुटत नाही, हे सांगायला माणसाला दुसरी भाषा सापडली नाही.

हे झाल्यावर जक्कय बोलतो. क्रम इथं सर्वस्व आहे. आधी पाहुणा, मग परतफेड. तिचा आकडा त्यानं कुठून आणला? फसवणूक कबूल करणाऱ्यानं मूळ रकमेवर पाचवा हिस्सा वर द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. चौपट भरपाई आहे ती मेंढरू चोरून ते मारणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कयानं स्वतःसाठी कबुलीची सवलत घेतली नाही, चोराची शिक्षा लावून घेतली. आता साधा हिशेब करा. १०० मोहरांतल्या ५० गरिबांच्या. उरलेल्या ५० मधून चौपट द्यायचं, तर जास्तीत जास्त १२.५ मोहरांच्या लुबाडणुकीची भरपाई होते. त्याच्या धनाचा आठवा हिस्सा जरी लबाडीचा असेल, तरी तो निष्कांचन होतो. आकडेमोडीत मुरलेल्या या माणसाला हे कळलं नसेल असं मुळीच नाही. कळूनच तो बोलला.

अभ्यासकांत इथं एक वाद आहे. ‘देतो’, ‘परत करतो’ ही ग्रीक क्रियापदं वर्तमानकाळातली आहेत. काहींच्या मते जक्कय आधीपासूनच असं वागत होता आणि तो फक्त आपली बाजू मांडतो आहे. मला तो अर्थ पटत नाही. मग शेवटच्या वचनातल्या ‘हरवलेला’ या शब्दाला जागाच उरत नाही. आपण मराठीतही नुकत्याच केलेल्या निश्चयासाठी वर्तमानकाळच वापरतो: ‘देतो’ म्हणतो आणि त्या क्षणी खिशात हात घालतो.

‘आज’ हा शब्द दोनदा येतो: आज मुक्काम, आज तारण. लूकला तो प्रिय आहे. मेंढपाळांना ख्रिस्तजन्माची वार्ता ‘आज’ मिळते आणि क्रूसावरच्या अपराध्याला स्वर्गलोकाचं वचनही ‘आज’चंच. इथं तर अजून एकही नाणं कुणाच्या हाती परत पडलेलं नाही. शब्द दिला गेला आहे, फेड व्हायची आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये येशू तारण घोषित करतो. तेही एकट्या जक्कयाला न देता ‘या घराला’. त्याला अब्राहामाचा पुत्र म्हणून तो बिरादरीत परत बसवतो. मराठी कानाला उंबर आणि उंबरा हे शब्द शेजारी ऐकू येतात. उंबरावर एकटा बसलेला माणूस खाली उतरून स्वतःच्याच उंबऱ्यातून नव्यानं आत जातो.

तारणाला घर लागतं, हे पंडिता रमाबाईंनी ओळखलं होतं. १८९६–९७च्या दुष्काळात सोडून दिलेल्या मुलींना त्यांनी आणलं, केडगावला वसवलं आणि त्या वसाहतीचं नाव ठेवलं ‘मुक्ती’. तिथं प्रार्थना होती, तशी चूल होती, शाळा होती, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं, ते तिथंच.

कथेनंतर वाट यरुशलेमेकडे चढते. काही दिवसांत हाच पाहुणा लाकडावर खिळला जातो. क्रूसाला झाड असंही म्हणता येईल असा ग्रीक शब्द लूकनंच पुढे प्रेषितांच्या कृत्यांत वापरला आहे. एकाला झाडावरून खाली बोलावणारा स्वतः झाडावर चढतो. आजीच्या पाटल्यांचा अर्थ मला इथं लागला.

भिशीची रक्कम फिटली, पाटल्या सोडवून आणल्या, हिशेब मिटला. पण तो मुलगा त्यानंतर दर सुगीला पायलीभर ज्वारी घेऊन येत राहिला. आजीनं ती कधी मागितली नव्हती. “देणं उरलेलं नाही रे तुझं,” ती म्हणायची. “म्हणून तर आणतो,” तो म्हणायचा, आणि ज्वारी उंबऱ्याच्या आत ठेवून जायचा.