विमानाच्या पोटावरचा उजेड

आमच्या दाना ओलीतील घराच्या बैठकीत गेली वीसएक वर्षे एक चित्र टांगलेले आहे. हिमाच्छादित शिखरांची रांग, वर निरभ्र निळे आकाश आणि त्यातून तिरपे झेपावणारे एक मिराज विमान. सही पुसट आहे. हात हौशी, पण तयारीचा. कारगिलच्या युद्धानंतर आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत अशी चित्रे आली आणि त्याचे कारण उघड आहे. १९८५ साली फ्रान्सहून आलेली ही विमाने महाराजपूरच्या तळावर उतरली आणि तेव्हापासून त्यांचा आवाज लष्करातील गच्च्यांना वाळवणाइतकाच परिचित झाला. १९९९ साली टायगर हिलवर लेझरने मार्ग दाखवलेले बॉम्ब टाकणारी विमाने आपल्या गावची, हा अभिमान त्या चौकटीत आहे. वायुदलाचे प्रमुखपदही त्या वेळी अनिल टिपणीस या मराठी माणसाकडे होते, याची आठवण बैठकीत कोणी ना कोणी करून देतच असे.

चित्र मला आवडत असे. ते का आवडेनासे झाले, हे जरा तपशिलाने सांगायला हवे. कारण दोष एका चित्रकाराचा नसून संपूर्ण प्रकाराचा आहे, असे मला वाटते.

विमान उत्तम उतरले आहे. त्रिकोणी पंख, शेपटीला आडवे पंख नसणे, हवा आत घेणाऱ्या तोंडातील अर्धे शंकू, सारे बिनचूक. बर्फ मात्र धुतलेल्या चादरीसारखा अंथरलेला. विमानचित्रकार छायाचित्रे आणि खेळण्यातील विमानांच्या खोक्यांवरची चित्रे पाहून शिकतो, तेव्हा यंत्र त्याच्या हाताला बसते. भूमी मात्र त्याला कोणी शिकवत नाही. त्याची सोपी परीक्षा आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो. म्हणून बर्फावरून नीच उडणाऱ्या विमानाचे पोट अंधारे नसते, ते खालून उजळलेले असते. आमच्या चित्रात पोट काळपट आहे, जणू ते मुरारच्या शेतांवरून चालले आहे. दूरची शिखरेही धूसर निळी. हा धूसरपणा आपल्या मैदानी धुळीचा. द्रासच्या विरळ, कोरड्या हवेत दूरचा डोंगर हाताशी आल्यासारखा स्वच्छ दिसतो. चित्रकाराने हिमालयावर नकळत ग्वाल्हेरचा वैशाख पांघरला आहे.

एवढ्यावर मी चित्राला माफ केले असते. पण महिना चुकला आहे, आणि ही चूक केवळ तांत्रिक नाही. टायगर हिलवरचा तो हल्ला २४ जूनचा. त्या दिवसांत उतारांवर उघडे खडक, घसरती दरड आणि घळींत तुकड्या-तुकड्यांनी उरलेला बर्फ असतो. वैमानिकांची अडचण नेमकी तिथेच होती. दगडांचे मोर्चे दगडांतच मिसळलेले. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के, त्यामुळे बॉम्बचा मार्ग नेहमीच्या हिशेबात बसत नसे. मेअखेरीस दोन दिवसांत दोन विमाने आणि एक हेलिकॉप्टर गमावले गेले, आणि त्यानंतर डावपेच बदलावे लागले. हा सारा मजकूर त्या तपकिरी, ठिपकेदार उतारात आहे. त्यावर पौषाचा पांढरा रंग फासला की अडचणच नाहीशी होते आणि उरतो तो विजय.

हल्ल्याचे अस्सल चित्रण आपण दूरदर्शनवर पाहिले आहे. करडा, दाणेदार पडदा, मध्ये फुली आणि क्षणभराचा धूर. त्यात निळे आकाश नव्हते. रंग मागाहून घराघरांत भरले गेले. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्याची गोष्टही तीच: विमाने पहाटेपूर्वीच्या काळोखात गेली, आणि चित्रांत ती उन्हात चमकत उडताना मी पाहिली. खरा हिवाळा हवा असेल तर १४ डिसेंबर १९७१ चे श्रीनगर घ्यावे. सहा सेबर विमानांच्या माऱ्यात निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले चिमुकले नॅट धावपट्टीवरून उचलले आणि ते परतले नाहीत. त्या प्रसंगाचे चित्र धूर, धूळ आणि झाडांच्या शेंड्यांलगतचा पाठलाग यांचेच व्हायला हवे. त्याऐवजी बहुधा मिळते ते पर्यटनखात्याचे काश्मीर.

पर्यटनखात्याचा उल्लेख मी उपहासाने केला खरा, पण तो अन्यायाचा ठरू नये. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले नारायण श्रीधर बेंद्रे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काश्मीरमध्ये अशाच कामावर होते. माळव्याच्या उन्हात डोळा घडलेल्या या चित्रकाराने त्या प्रदेशात राहून, जागेवर बसून रंग लावले. आपल्या मध्य भारतातील मराठी चित्रपरंपरेची ही खरी शिस्त. विमानचित्रांनी ती सोडली, ही माझी तक्रार.

आणि विषयच हीन आहे असेही नाही. १९४० साली एरिक रॅव्हिलियस या इंग्रज जलरंगकाराने नॉर्वेच्या उत्तरेला ‘ग्लोरियस’ या विमानवाहू नौकेचे चित्र केले. फिकट समुद्र, रात्री न मावळणाऱ्या सूर्याचा थंड उजेड आणि वर माशांएवढी विमाने. नौकेवर थांबण्यासाठी लागणारा आकडा नसलेली हरिकेन विमाने वैमानिकांनी तिच्यावर सुखरूप उतरवली होती. ८ जूनला नौका बुडाली. तिच्यासह तीन नौकांवरील दीड हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्या विमानांचे बहुतेक वैमानिकही. चित्रात याची पूर्वसूचना म्हणून काहीच रंगवलेले नाही. थंडी मात्र आहे, आणि त्या थंडीत विमानांचे लहानपण आहे. दोन वर्षांनी रॅव्हिलियस स्वतः आइसलँडजवळ विमानातच नाहीसा झाला. त्याच काळात पॉल नॅशने ऑक्सफर्डजवळ साठवलेल्या पडक्या जर्मन विमानांचा ढीग चांदण्यात फुटलेल्या बर्फाच्या लाटांसारखा रंगवला. तिथे विमानच हिवाळा झाले.

रशियाच्या आघाडीवर तर हिवाळ्यात विमानांना धुऊन जाणारा पांढरा रंग फासत, ती बर्फात दिसू नयेत म्हणून. उडणाऱ्याची सारी धडपड लपण्याची, आणि चित्रकाराची त्याला उठून दाखवण्याची. ही ओढाताण ज्याने ओळखली त्याच्या हातून काही घडू शकेल.

ओलीतील एका घरचा मुलगा त्या उन्हाळ्यात पायदळात द्रासला होता. पुढे एकदा तो आमच्याकडे चहाला आला, चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “काका, आम्ही कुठे आहोत यात?” मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर मी चित्र खाली काढून भिंगाने पाहिले. माणूस कुठेच नव्हता. मात्र उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या लाकडाखाली निम्मी झाकलेली, बोटभर रुंदीची एक तपकिरी पट्टी आहे: सैल दगड, त्यांच्या मधून उतरलेली वाळू, एका बाजूला मळकट बर्फाची किनार. तेवढी जागा त्या अनामिक चित्रकाराने कुठल्या तरी खऱ्या उतारावरून घेतली असावी. पुढच्या वेळी काच बदलताना चौकट थोडी रुंद करून घ्यायची, असे मी सुताराला सांगून ठेवले आहे.