सत्तेचा दुसरा चेहरा आणि तळटिपांचा हिशेब

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाचे ताट पुढे आले, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच भाचीने विचारले, "मामा, तुम्ही जन्मभर टीकालेख लिहिलेत. तुमचा इम्पॅक्ट किती?"

मला वाटले, पोर चेष्टा करते आहे. पण चेष्टा नव्हती. ही माझी भाची एका तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर कोणते विषय येतात आणि कोणते कधीच येत नाहीत, ह्यावर तिने चार वर्षे गावोगाव हिंडून एक निबंध लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. बढतीच्या वेळी त्याला एकही गुण मिळाला नाही. निबंध वाईट म्हणून नव्हे. तो कुणी वाचलाच नव्हता. ज्या त्रैमासिकात तो छापला गेला ते कोणत्याही मान्य सूचीत नव्हते, एवढेच. मग वरिष्ठांनी तिला सल्ला दिला की लिहायचेच असेल तर 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'सारख्या ठिकाणी लिहा. म्हणजे घरात विहीर खणायची सोडून गंगेवर जा, असे म्हणण्यातलाच हा प्रकार!

परंतु त्या नावाने माझे कुतूहल चाळवले. टीकाकाराने एखाद्या नियतकालिकाचे शंभर वर्षांचे अंक समोर घेऊन बसावे, तसा मी पावसाळाभर बसलो. सगळे वाचले असे म्हणणार नाही. आकडेमोडीची पाने पुष्कळदा उलटूनच टाकली. पण जे वाचले त्यात एक अशी मौज सापडली, की ती दिवाळीच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रथम थोडी ओळख. अमेरिकन राज्यशास्त्र परिषद १९०३ साली निघाली आणि तिचे हे मुखपत्र १९०६ च्या नोव्हेंबरात. पहिले संपादक विलोबी. आरंभीच्या अंकांचे रूप घरगुती होते. कोणत्या राज्याने कोणता कायदा केला, कोणत्या नगरपालिकेने काय सुधारणा केली, कोण प्राध्यापक कुठे गेला, अशा वार्ता त्यात असत. १९१० साली परिषदेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन होते; तेच पुढे १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे लिहिणारा आणि राज्य करणारा ह्यांच्यात त्या वेळी फार मोठी भिंत नव्हती. पुढे ऑग ह्या गृहस्थांनी १९२६ पासून १९४९ पर्यंत संपादकाची गादी सांभाळली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वारे फिरले. राज्यघटनेची कलमे पुरे झाली, आता माणूस प्रत्यक्षात मत कसे देतो ते मोजा, असे म्हणणारी पिढी आली. तिला वर्तनवादी म्हणतात. तक्ते आले, टक्केवारी आली, नंतर बीजगणितही आले.

आता ती 'इम्पॅक्ट'ची भानगड. विद्वान माणूस लेख लिहितो तेव्हा खाली तळटिपा देतो; अमक्याने असे म्हटले आहे, तमक्याने ते खोडले आहे. ह्या तळटिपा उलट्या दिशेने मोजायच्या, म्हणजे अमक्याचे नाव एकूण किती जणांनी घेतले ते पाहायचे, ही कल्पना मूळची वकिलांची. अमेरिकेत फ्रँक शेपर्डने १८७३ साली अशी सूची काढली. जुना निवाडा पुढच्या खटल्यांत कुणी उचलून धरला, कुणी झिडकारला, हे वकिलाला कळावे, हा तिचा साधा हेतू. यूजीन गारफील्ड ह्यांनी १९५५ मध्ये तीच युक्ती विज्ञानासाठी सुचवली, १९६४ मध्ये विज्ञानाची सूची बाजारात आणली आणि १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांची. मग नियतकालिकांना गुण देण्याची पद्धत निघाली. मागच्या दोन वर्षांत शंभर लेख छापले आणि यंदा त्यांचा तीनशे वेळा उल्लेख झाला, तर त्या नियतकालिकाचा प्रभावांक तीन. इतके सोपे गणित आहे.

सोपे आहे, पण वकिलाच्या सूचीत जी गोष्ट होती ती ह्यात गळाली. निवाडा उचलून धरला की झिडकारला, हे शेपर्डच्या सूचीत खुणेने दाखवीत. प्रभावांकाला त्याचे सोयरसुतक नाही. आपल्याकडे भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडत आणि मग तो खोडून काढत. ह्या गणिताने मोजू लागलो तर सर्वांत थोर ग्रंथकार तो, ज्याला सर्वांनी मिळून खोडले! शिवाय मुदत दोन वर्षांची. आंब्याची कोय लावून दुसऱ्या वर्षी फळे मोजायला बसण्यासारखेच हे.

हे सगळे मी भाचीला रागानेच सांगितले असते. पण तेवढ्यात त्या त्रैमासिकाचा शताब्दीचा अंक हाती आला. हा २००६ सालचा. तेव्हाचे संपादक ली सिगलमन ह्यांनी शंभर वर्षांत सर्वांत जास्त उल्लेखिले गेलेले वीस लेख निवडून प्रत्येकावर टिपण छापले. त्यात पहिला क्रमांक कुणाचा असावा? जाडजूड तक्त्यांचा नव्हे. १९६२ च्या डिसेंबरात आलेला, अवघ्या सहा पानांचा एक लेख. नाव 'सत्तेचे दोन चेहरे'. लेखक पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ. दोघेही ब्रिन मॉर ह्या मुलींच्या कॉलेजात शिकवीत, एक राज्यशास्त्र आणि दुसरे अर्थशास्त्र.

लेखाचा रोख समजायला आधी त्याचा पूर्वपक्ष पाहिला पाहिजे. येल विद्यापीठाचे रॉबर्ट डाल ह्यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहरावर एक पुस्तक लिहिले: राज्य कोण करते? त्यांची रीत सरळ होती. शहराची पुनर्रचना, शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या, ह्या तीन बाबतींत निर्णय कसे झाले, कुणाचे म्हणणे टिकले, कुणाचे पडले, हे तपासायचे. उत्तर आले की कुणा एकाचे राज्य नाही. एका बाबतीत ह्याचे चालते, दुसरीत त्याचे. लोकशाहीप्रेमी मनाला बरे वाटावे असेच उत्तर.

बॅकरॅक आणि बॅरॅट्झ म्हणाले, तुम्ही सभेत झालेली भांडणे मोजलीत. पण जी भांडणे सभेपर्यंत येऊच दिली नाहीत त्यांचे काय? माझे म्हणणे तुमच्यावर लादणे हा सत्तेचा एक चेहरा. दुसरा चेहरा असा, की मला अडचणीचा ठरणारा विषय निघणारच नाही अशी चालरीत, अशी हवा, असे नियम मी आधीच करून ठेवतो. मग मला हात वर करावा लागत नाही. ह्याचे उदाहरण त्यांनी स्वतःच्याच घरातले दिले आहे. एक असंतुष्ट प्राध्यापक खोलीत बसून ठरवतो की उद्या सभेत ह्या जुन्या वळणाच्या प्रमुखाविरुद्ध बोलायचेच. सभा भरते, आणि तो गप्प बसतो. इतिवृत्तात त्याची नोंद कशी होणार? जे बोललेच गेले नाही ते इतिवृत्तात नसते.

हे वाचताना मला आमच्या घरच्या जुन्या बैठकी आठवल्या. वडीलधाऱ्यांसमोर एखादा विषय काढायचा नाही हे कुणी कुणाला सांगितलेले नसे, तरी सुनांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ते ठाऊक असे. सहा पानांत हे दोन प्राध्यापक ते बोलून गेले, आणि तेही अशा भाषेत की राज्यशास्त्राचा गंध नसलेल्याला कळावे. लेखाचा दोष दाखवायचाच तर तो रेमंड वुल्फिंगर ह्यांनी १९७१ मध्ये त्याच त्रैमासिकात दाखवला आहे: जे घडलेच नाही ते तपासायचे कसे? आक्षेप रास्त आहे. बॅकरॅक आणि बॅरॅट्झ ह्यांनी बाल्टिमोर शहराच्या दारिद्र्यावर १९७० मध्ये पुस्तक लिहून उत्तर देण्याचा यत्न केला होता, पण तो सहा पानांइतका चटकदार उतरला नाही, हे मान्य केले पाहिजे. आणि गंमत अशी, की वुल्फिंगर ह्यांचा तो आक्षेपही हिशेबात मूळ लेखाच्या खात्यावर जमाच झाला!

आता माझा खरा मुद्दा. ज्या त्रैमासिकात हा लेख आला त्यालाच त्याची कसोटी लावून पाहू. कोणते लेख गाजले हे प्रभावांक सांगतो. तो पहिला चेहरा. कोणते विषय आतच आले नाहीत?

हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. तो १९६९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड ईस्टन ह्यांनी भर अधिवेशनात विचारला, आणि ईस्टन म्हणजे वर्तनवाद्यांचेच एक मुखंड. त्यांनी १९५८ ते १९६८ ह्या काळातले अंक तपासले. शहरांच्या दुरवस्थेवर ३ लेख. वांशिक संघर्षावर ४. दारिद्र्यावर १. सविनय कायदेभंगावर २. देशातल्या हिंसाचारावर २.

तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मतदानहक्काचा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली दंगल, मग १९६७ ची डेट्रॉइटची. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून. देश पेटला होता, आणि देशातल्या राज्यशास्त्राच्या पहिल्या नियतकालिकात दारिद्र्यावर अकरा वर्षांत एक लेख! ह्यात कुणाचा कट नव्हता. संपादकांनी कुणाला हाकलले असेही नव्हे. जो विषय सुबक मोजता येतो तो शास्त्रीय, आणि जो येत नाही तो वर्तमानपत्री, अशी हवाच तयार झाली होती; मग लिहिणारा खोलीत बसून ठरवी आणि सभेत गप्प राही. नेमका तो प्राध्यापक!

भारताच्या वाट्याला काय आले, हेही पाहण्याजोगे आहे. त्या वीस लेखांत लिप्सेट ह्यांचा १९५९ चा प्रसिद्ध लेख आहे: देश संपन्न असला की लोकशाही टिकते. तक्ते देखणे आहेत. पण त्या तक्त्यांत युरोप, इंग्रजी बोलणारे देश आणि लॅटिन अमेरिका एवढेच. सतरा कोटींहून अधिक मतदारांचा, त्या वेळेपर्यंत दोन सार्वत्रिक निवडणुका पार पाडलेला एक गरीब देश त्या तुलनेत बसवलेलाच नाही. बसवला असता तर सिद्धान्ताचे काय झाले असते, ते वाचकांनीच ताडावे.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये, रजनी कोठारी आपल्या मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त भारतीय राजकारणावर लेखमाला लिहीत होते. सचिन चौधुरींनी १९४९ मध्ये काढलेले ते साप्ताहिक. लिप्सेट ह्यांच्या तक्त्यांत जे नव्हते ते ह्या लेखमालेत होते. उल्लेख मोजणारी सूची तेव्हा अस्तित्वातही नव्हती; लेख वाचले गेले ते वाचण्याजोगे होते म्हणून.

तरीही त्या अमेरिकन त्रैमासिकाला मी मोडीत काढणार नाही. स्वतःवरची टीका स्वतःच्याच पानांवर छापण्याचा दिलदारपणा त्याने पुन्हा पुन्हा दाखवला आहे. ईस्टन ह्यांचे भाषण त्याच्याच १९६९ च्या डिसेंबर अंकात आहे. २००० च्या ऑक्टोबरात 'मिस्टर पेरेस्त्रोयका' ह्या टोपणनावाने कुणीतरी एक निनावी पत्र अनेकांना पाठवले: हे मासिक आकडेवाल्यांनी बळकावले आहे, बाकीच्यांना दार बंद आहे. त्यातून केवढे रण माजले! परिणाम म्हणून २००३ मध्ये परिषदेने 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स' हे दुसरे नियतकालिक काढले, आणि त्याच सुमारास अध्यक्षपदी आल्या सुझन रुडॉल्फ, ज्यांनी राजस्थानात वर्षानुवर्षे काम केले होते. घरचे भांडण चव्हाट्यावर आणून घर थोडे मोठे करणारी माणसे मला आवडतात.

आपल्याकडे मात्र आपण त्यांचा हिशेब उचलला, भांडण उचलले नाही. २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या लेखांना गुण ठरवून दिले. गुणांना मागणी आली तशी दुकाने निघाली; पैसे भरा, महिन्याभरात लेख छापून घ्या. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. चार हजार तीनशे पाच! कुठल्याशा कोपऱ्यातल्या मराठी त्रैमासिकात चार वर्षांचे कष्ट घालणारी मुलगी त्या यादीत कधीच नव्हती, म्हणून तिला काढण्याचाही प्रसंग आला नाही.

भाचीला मी त्या सहा पानांची प्रत पाठवली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, ह्या लोकांनी माझीच ग्रामसभा पाहिली होती की काय?" तिच्या गावांत पाणी, दिवे, रस्ता ह्यांवर तासन् तास वाद होतात, गायरानाचा विषय मात्र चार वर्षांत एकदाही निघाला नव्हता. का निघाला नाही ते सर्वांना ठाऊक होते, आणि इतिवृत्तात एक अक्षर नव्हते. निबंध ती पुन्हा लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणार का, असे मी विचारले, तर म्हणाली, "आधी मराठीतच. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता आला पाहिजे ना. इंग्रजीचे मग बघू."

तळटीप क्रमांक एकमध्ये बॅकरॅक आणि बॅरॅट्झ आहेत. त्या त्रैमासिकाच्या हिशेबात ही तळटीप काही धरली जायची नाही. यंदाच्या भाऊबीजेला कच्चा मसुदा वाचून दाखवते म्हणाली आहे. चकल्या मात्र आधी, अशी अट मी घातली आहे.