ऑपरेशन प्रातो: जबाब भरपूर, पुरावा किती?

१९७७ साली ब्राझीलच्या पारा राज्यात, कोलारेस बेटावर, लोक रात्रीच्या उडत्या दिव्यांना घाबरू लागले. हे दिवे रक्त शोषतात म्हणे, म्हणून नाव पडलं 'शुपा-शुपा'. हवाई दलाने कॅप्टन उइरांजे ओलांदा यांना तपासाला पाठवलं. जबाब, रेखाटनं, फोटो, सगळं जमलं.

पण गोची इथेच आहे. एकच नाव, एकच गोष्ट गावभर फिरत असताना शंभर जबाब घेतले तरी ते शंभर स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. ओलांदांची गाजलेली मुलाखत तर १९९७ची, वीस वर्षांनंतरची. तिच्यापेक्षा तेव्हाच्या नोंदींना वजन जास्त.

गावकऱ्यांची भीती मात्र खरी होती; ती उडवून लावणं हेही संशोधन नव्हे. फील्डवर्कला जाल तेव्हा प्रत्येक जबाबापुढे लिहा: स्वतः पाहिलं, की ऐकलं?