'गर्म हवा': हवेलीच्या दारातून

एम. एस. सथ्यू यांचा १९७४ साली प्रदर्शित झालेला 'गर्म हवा' नव्याने दुरुस्त होऊन नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. फाळणीचा चित्रपट म्हणून आम्ही पाहायला गेलो. डोक्यात राहिले ते घर. आग्र्याचे सलीम मिर्झा जोड्यांचे कारखानदार. हवेली थोरल्या भावाच्या नावावर, भाऊ पाकिस्तानात. म्हणून ती सरकारजमा होते. बँक कर्ज देत नाही, सावकार नाही. भाड्याचे घर शोधताना नाव ऐकताच नकार मिळतो. हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको!

इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी व शमा झैदी यांची पटकथा. पण आम्हांला विसरता येत नाही ती म्हातारी आई. हवेली सोडावी लागू नये म्हणून ती दडून बसते. पुढे अखेरच्या घटका मोजताना तिला तिथेच परत उचलून नेतात.

शेवट मात्र आम्हांला घाईचा वाटला. घर आणि कर्ज यांनी घातलेली गाठ एका मोर्चात कशी सुटावी? तरी टांग्यातून उतरणाऱ्या बलराज साहनींच्या चेहऱ्यापुढे आमची तक्रार लंगडी पडते. प्रदर्शनापूर्वीच, एप्रिल १९७३ मध्ये, ते गेले होते.