पडणे आणि चढणे : बालकथनातील मैत्री व मज्जासंस्थेचे वेगळेपण

मराठी बालकथेच्या नायकाचा स्थायी गुण कोणता, असे विचारल्यास चापल्य हेच उत्तर द्यावे लागते. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्यापासून भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेपर्यंत हा गुण अखंड आढळतो. फेणेच्या बाबतीत तर वेग हा नावाचाच भाग होऊन बसला आहे. तल्लख बुद्धी, तत्पर शरीर आणि समयसूचक बोलणे यांवर उभारलेल्या अशा कथाविश्वात, ज्याचा मेंदू किंवा मज्जासंस्था निराळ्या रीतीने चालते त्या मुलाला जागा कोणती? बहुधा त्याच्या वाट्याला दोनच भूमिका येतात : दयेचा विषय किंवा सुधारणेचा विषय. या दोहोंपलीकडची तिसरी भूमिका मित्राची. दयेत देणारा आणि घेणारा ठरलेले असतात. मैत्रीत ते ठरलेले नसतात. म्हणूनच मैत्रीचे चित्रण ही अशा कथनाची खरी कसोटी ठरते.

संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) हा चित्रपट बालवाङ्मयात मोडत नाही. परंतु बालमैत्री हेच त्याचे बीज आहे. लहानपणी खेळताना झालेल्या अपघातात नंदूच्या मेंदूला इजा होते. पुढे संसारात रमलेली मीनल त्याला पुन्हा भेटते आणि जुनी ओळख जागी होते. दिलीप प्रभावळकरांनी नंदू ज्या संयमाने उभा केला, त्यामुळे ही व्यक्तिरेखा मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. तथापि कथनाची रचना पाहिली, तर मैत्री येथे भूतकाळात घडून गेलेली असते. वर्तमानात उरते ते ऋण, आणि त्या ऋणापायी मीनलच्या संसारात निर्माण होणारा ताण. नंदूचे शरीर वाढले, पण त्याचा काळ अपघातापाशीच थांबला, असे कथन सुचवते. निर्व्याजता हा त्याचा गुण खरा. पण तो त्याच्या उणिवेची भरपाई म्हणून आलेला आहे.

भरपाईचा हाच नियम अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटात अधिक ठळक होतो. वाचन-अक्षमता असलेल्या ईशानला निवासी शाळेत राजन दामोदरन हा मित्र भेटतो. राजनच्या पायात दोष आहे. अभ्यासात मात्र तो हुशार आहे. दोन निराळ्या मुलांची मैत्री येथे सहज शक्य होती. परंतु कथेची सूत्रे लवकरच निकुंभ या शिक्षकाच्या हाती जातात आणि राजन कडेला सरकतो. सुटका वरून येते, बरोबरीच्या बाकावरून नव्हे. शेवटी चित्रस्पर्धेतील यशाने ईशानचे मोल सिद्ध होते. ज्या ईशानला चित्र काढता येत नसेल, त्याचे काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

या पार्श्वभूमीवर तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१) पुन्हा वाचण्यासारखे आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या मराठी अनुवादामुळे हे आत्मपर कथन मराठी वाचकाचे झाले आहे. वर्गात सतत डेस्कचे झाकण उघडणारी, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी तोत्तोचान पहिल्या शाळेतून काढली जाते. आज तिला एखादे वैद्यकीय नाव चटकन मिळाले असते. कथन मात्र ते देत नाही. तोमोए शाळेत तिला यासुआकी भेटतो. त्याला पोलिओ झालेला आहे. या रोगाचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशींवर आघात करतो. बुद्धी शाबूत राहते, स्नायू दुबळे होतात. म्हणजे येथे ‘सामान्य’ आणि ‘वेगळा’ अशी जोडी नाहीच. एकीचे शरीर क्षणभरही स्थिर राहत नाही, दुसऱ्याचे हलत नाही. आणि मैत्री या दोघांत होते.

यासुआकीला झाडावर चढवण्याचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. तोमोएतील प्रत्येक मुलाचे स्वतःचे एक झाड असते. आपल्या झाडावर तोत्तोचान यासुआकीला पाहुणा म्हणून बोलावते. आईला ती खोटेच कारण सांगते. खरे ठाऊक असते ते फक्त रॉकी या कुत्र्याला. पहिली शिडी निरुपयोगी ठरते. मग ती घोडी ओढून आणते, त्याला खालून ढकलते, वरून खेचते. कथन भावनेचा उच्चार टाळते. लक्ष राहते ते घामावर आणि हातपायांच्या हालचालींवर. मैत्री ही येथे वृत्ती नसून श्रम आहे, आणि तो श्रम मोठ्यांच्या नजरेआड चालतो. वर पोचल्यावर यासुआकी तिला टेलिव्हिजन नावाच्या एका नवलाची माहिती देतो. झाड तिचे, बातमी त्याची : देवाणघेवाण पूर्ण होते. ‘चौकट राजा’त मैत्रीचा अर्थ एका अपघाताने ठरला, येथे तो एका चढण्याने ठरतो. पुढे यासुआकीचा मृत्यू होतो. त्याआधी कोणत्याही पारितोषिकाने त्याचे मोल सिद्ध करण्याची गरज कथनाला भासत नाही.

मराठीत मात्र हे पुस्तक प्रामुख्याने शिक्षणविचाराचे पुस्तक म्हणून स्वीकारले गेले. विदर्भातील वाचकाच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. नागपूरपासून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा-सेवाग्राम परिसरात १९३७ पासून नई तालीमचा प्रयोग आकाराला आला. त्या स्मृतीने घडलेल्या अपेक्षाक्षितिजात मुख्याध्यापक कोबायाशी सहज सामावतात. परंतु शाळा मध्यभागी आली की झाडावरची दोन मुले दृष्टान्तापुरती उरतात. शिडी शोधणारी शाळा नव्हती, एक मुलगी होती, हे अशा वाचनात निसटते.

‘तोत्तोचान’लाही मर्यादा आहेत. यासुआकी सर्वत्र मैत्रिणीच्या दृष्टीतून दिसतो. वर चढताना त्याला भीती वाटली की संकोच, हे त्याच्या शब्दांत कळत नाही. मार्क हॅडन यांच्या २००३ मधील इंग्रजी कादंबरीत याच्या उलट घडते. पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर स्वतःच निवेदक आहे. जगाची संगती तो आपल्या पद्धतीने लावतो. पण बरोबरीच्या मुलांत त्याला मित्र नाही. सोबत आहे ती टोबी या पाळीव उंदराची. एका संहितेत मैत्री आहे, आवाज नाही. दुसरीत आवाज आहे, मैत्री नाही.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांना स्वतंत्र स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. यादी वाढणे हक्कांसाठी आवश्यकच आहे. कथेचे काम मात्र यादीने भागत नाही. प्रत्येक प्रकारामागे एक सहृदय गोष्ट लिहिली गेली, तरी त्या गोष्टीत वेगळे मूल दुसऱ्याच्या सद्गुणाचे निमित्तच राहू शकते. तेव्हा अशा बालकथेला समीक्षेने विचारावयाचा प्रश्न साधा आहे : या मुलाने आपल्या मित्राला काय दिले? उत्तर केवळ ‘धडा’ असे येत असेल, तर त्या कथेत मैत्री अद्याप झाडाखालीच उभी आहे.