अंगठ्यांची कथा

वसाहतकाळांतील सूतकताई व विणकाम हा विषय मुलांपुढें मांडावयाचा म्हटला, कीं एक कथा हटकून पुढें येते : इंग्रजांनीं विणकरांचे अंगठे तोडले. कथा परिणामकारक आहे. परंतु ती सांगितली जाते तशीच घडली काय, हें पाहणें आम्हांस अवश्य वाटतें. कंपनीच्या चाकरींत राहिलेल्या विल्यम बोल्ट्सनें १७७२ सालच्या आपल्या ग्रंथांत बंगालमधील कच्चें रेशीम उकलणाऱ्या कारागिरांविषयीं लिहिलें आहे. सक्तीचें काम टाळण्यासाठीं त्यांच्यांतील कित्येकांनीं आपले अंगठे स्वतःच कापून घेतले, असें तो सांगतो. ही हकीकत प्रचलित कथेहून अधिक भयंकर आहे. दुष्टाच्या हातची सुरी मुलास तत्काळ कळते. माणसास स्वतःवरच सुरी चालवावयास लावणारी व्यवस्था कळण्यास विचार लागतो. त्या विचारासच आमच्या पाठांत जागा उरत नाहीं.

दुसरा दोष असा, कीं ही कथा नेहमीं दूरदेशीं घडते. कर्जत-खालापूरच्या मुलांस तर हा इतिहास दारांतच सांपडेल. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. देशावरचा कापूस तिनें मुंबईस उतरूं लागला आणि गिरणीचें कापड वर चढूं लागलें. १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहानें मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली. १९२२ सालीं भिवपुरीची भर पडली. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी येथें नळांतून कोसळे, तेव्हां तिकडे परळास चात्या फिरत. या गिरण्यांचे मालक बव्हंशीं एतद्देशीय होते. त्यांच्या कापडानेंही हातमागवाल्याचें गिऱ्हाईक नेलें. पण लँकेशायरच्या हितासाठीं सरकारनें १८९६ सालीं याच गिरण्यांच्या कापडावर शेंकडा ३.५ जकात बसविली. पीडक कोण व पीडित कोण, हा प्रश्न इतका सोपा नाहीं, हें मुलांस सांगावयास आम्हीं कां कचरावें?

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आलेल्या शिक्षणयोजनेंत टकळीस मानाचें स्थान होतें. ती योजना मागें पडली. तरी इतिहासाच्या तासास टकळी आजही हातीं द्यावी. दहा वेळां धागा तुटला, कीं पंचाभर सुतास किती दिवस लागत, याचा हिशेब मूल आपण होऊन करूं लागेल. मग त्यास खोपोलीचे नळ दाखवावेत. हातानें कांतणाऱ्याची भाकरी कशी गेली, हें त्यास अंगठ्यांच्या कथेवांचूनही उमजेल.