यादीतली लक्षणे आणि माणूस

सुझाना केसन या अमेरिकन लेखिकेचे ‘गर्ल, इंटरप्टेड’ हे आत्मकथन १९९३ साली प्रसिद्ध झाले. १९६७ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांना बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल करण्यात आले. जवळजवळ दोन वर्षे त्या तेथे होत्या. निदान होते ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व’. भावनांचे टोकाचे चढउतार, आपल्याला कोणी सोडून जाईल ही भीती, अस्थिर नाती आणि स्वतःला इजा करणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे.

डॉक्टरांनी किती वेळ तपासले? डॉक्टर म्हणतात तीन तास, लेखिका म्हणते २० मिनिटे. हा वाद त्या रुग्णालयाच्या नोंदी समोर ठेवून मांडतात. पुढे निदानपुस्तिकेतील विकाराचे वर्णन देऊन त्यातल्या विधानांशी त्या झगडतात. पुस्तकाचा हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला.

मात्र येथे एक गफलत होण्याचा संभव आहे. ते वर्णन १९८७ च्या आवृत्तीतले आहे. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्येच वापरला होता, पण अमेरिकेच्या अधिकृत पुस्तिकेत हा विकार आला तो १९८० साली. म्हणजे १९६७ चे निदान यादीवरून नव्हे, तर डॉक्टरांच्या मतावरून झाले. असा मनाजोगता निवाडा टाळण्यासाठीच पुढे याद्या तयार झाल्या.

यादीही निर्दोष नाही. १९८७ मध्ये ८ पैकी किमान ५ लक्षणे पुरेशी होती. हे ९३ प्रकारे जुळते. १९९४ मध्ये लक्षणे ९ झाली आणि प्रकार २५६. दोन रुग्णांत एकच लक्षण समान असूनही दोघांचे निदान एकच, असे घडू शकते. गणिताच्या तासाला हे अवश्य पडताळून पाहावे.

मग निदानाचा उपयोग काय? उपचाराची दिशा ठरवणे. येथे पुस्तक अपुरे पडते. ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी मार्शा लिनेहान यांचा या विकारावरील उपचारग्रंथ आला. भावना आवरण्याची आणि संकट निभावण्याची कौशल्ये रुग्णाला शिकवणे हा त्या पद्धतीचा गाभा. १९९१ च्या त्यांच्या चाचणीत स्वतःला इजा करण्याचे प्रकार घटले होते. खुद्द मॅक्लीनमध्ये २९० रुग्णांचा मागोवा घेतला गेला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्णपणे सावरले ते मात्र निम्मेच.

हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. वाचून वर्गातल्या तापट मुलीवर नवे लेबल मात्र लावू नये. ती स्वतःला इजा करत असेल, तर तिचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि विनाविलंब तज्ज्ञांची मदत मिळवून द्यावी. निदान त्यांना करू द्यावे, आणि त्यांनी ते २० मिनिटांत उरकू नये.